स्टोरेज फुल, बॅकअप बंद: फोटो फुकटात ठेवताना नेमकं कुठे अडतं

चिपळुणात माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंगचा सॉकेट ही रोजची कामं. पण आणखी एका दुखण्यासाठी रोज कोणी ना कोणी येतंच, आणि त्या कामाला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. लोक काउंटरवर जे बोलतात, तेच खाली लिहितोय. यातलं एक जरी तुमचं असेल तर पुढे वाचा.

लक्षणं

- ‘कॅमेरा उघडला की जागा नाही म्हणतो.’
- ‘फोटोच्या अ‍ॅपमध्ये वर ढगाचं चिन्ह येतं, बॅकअप बंद लिहितो. हलतच नाही.’
- ‘मेल यायचे बंद झाले. मुलाच्या अ‍ॅडमिशनचा मेल कॉलेजकडे परत गेला.’
- ‘नवीन फोन घेतला, त्यात गेल्या गणपतीपर्यंतचेच फोटो आले. पुढचे कुठे गेले?’
- ‘फोटो दिसतो, पण उघडला की धूसर. नुसतं गोल फिरत बसतं.’
- ‘व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले लग्नाचे फोटो बॅकअपमध्ये नाहीतच.’

पुढे जाण्याआधी एक सांगतो. काहीही डिलीट करू नका. घाईघाईत जागा करायला जाऊन लोकांनी जेवढे फोटो घालवलेत, तेवढे फोन पाण्यात पडून गेलेले मी पाहिलेले नाहीत. आणि पाण्यात पडलेले मी भरपूर पाहिलेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यात माझं दुकानही गेलं. नंतर कित्येक आठवडे मी चिखलातून काढलेले फोन उघडत होतो. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो: फोनची मेमरी म्हणजे तळमजला आणि ऑनलाइन खातं म्हणजे वरचा मजला. आमच्या गावात हे दुसऱ्यांदा समजावावं लागत नाही.

तपासणी १: भरलंय काय, तळमजला की वरचा मजला?

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडा. १२८ जीबीपैकी १२५ भरले असतील तर तळमजला भरलाय. मग फोटोच्या अ‍ॅपमध्ये आपल्या गोल चित्रावर बोट ठेवा, तिथे खात्याची जागा दिसते. गुगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, अ‍ॅपलच्या आयक्लाउडमध्ये ५ जीबी.

हे आधी बघायचं कारण असं की दोन्हीचा इलाज उलट आहे. कॅमेरा जागा नाही म्हणत असेल तर फोन भरलाय, आणि वरचे फोटो पुसून त्याला काही फरक पडणार नाही. मेल बंद झाले असतील तर खातं भरलंय. तिथे फोनमध्ये नवं मेमरी कार्ड घालून काही होत नाही. लोक कार्ड विकत घेऊन येतात, मलाही ते विकायला आवडेल, पण मेल त्याने सुरू होत नाहीत. गुगलचे १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो अशा तिघांत मिळून आहेत. एकाने खाल्ले की तिघेही उपाशी.

फोटो धूसर दिसून गोल फिरत असेल तर बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. मूळ फोटो वर आहे, फोनमध्ये फक्त त्याची छोटी छबी आहे, आणि नेट कमजोर आहे. चांगल्या वाय-फायवर जाऊन पुन्हा बघा.

तपासणी २: खातं कुठलं?

नव्या फोनमध्ये जुने फोटो नाहीत या तक्रारीचं सगळ्यात मोठं कारण हेच. फोन घेताना दुकानातल्या मुलाने घाईत नवीन जीमेल काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्याने कागदावर लिहून दिलेला असतो आणि तो कागद खोक्याबरोबर रद्दीत गेलेला असतो. कधीकधी तर रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरल्यावर खातं परत उघडायला, नंबरही त्या मुलाचाच असतो! पुढच्या फोनला पुन्हा नवीन जीमेल. असं करत एका माणसाची तीन खाती होतात आणि फोटो तिघांत वाटले जातात.

अ‍ॅपमध्ये वरच्या गोलावर बोट ठेवलं की फोनमधली सगळी खाती दिसतात. एकेकात जाऊन बघा. दहापैकी पाच-सहा वेळा ‘गेलेले’ फोटो इथेच सापडतात, आणि माणूस चहा पाजून जातो. सापडले की त्याच बैठकीत तीन कामं करा: रिकव्हरी नंबर स्वतःचा, सध्या चालू असलेला टाका. दुसरा नंबर घरातल्या विश्वासू माणसाचा ठेवा. आणि जीमेल व पासवर्ड घरच्या वहीत लिहा. बंद पडलेल्या सिमचा नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कोणाला तरी देते, त्यामुळे जुना नंबर रिकव्हरीला ठेवणं म्हणजे चावी अनोळखी माणसाकडे ठेवण्यासारखं आहे.

दुसरं खातं काढून आणखी १५ जीबी घ्यावेत का, हे नेहमी विचारतात. एक जास्तीचं चालेल. पण दोन वर्षं हातच न लावलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं. विसरण्यासाठी खाती काढू नका.

तपासणी ३: बॅकअप खरंच चालू आहे का?

इथे चार छोट्या गोष्टी असतात, आणि चारही फुकट.

अ‍ॅपमधलं बॅकअपचं बटण बंद असू शकतं. कोणीतरी नेट वाचवायला बंद केलेलं असतं. दुसरं, बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवलेला असतो आणि घरात वाय-फायच नसतं. असा फोन वर्षानुवर्षं बॅकअपची वाट बघत बसतो. मोबाईल डेटावर परवानगी द्या, रोजची मर्यादा घाला, आणि ज्यांचा दिवसाचा डेटा उरतो त्यांनी तो रात्री फोटोंना वापरावा.

तिसरी गोष्ट बॅटरी सेव्हरची. शाओमी, विवो, ओप्पो, रियलमीच्या फोनमध्ये मागे चालणारी अ‍ॅप आपोआप बंद करायची सवय आहे. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन ‘ऑटोस्टार्ट’ चालू करा आणि बॅटरीवरचं बंधन काढा. नाहीतर तुम्ही अ‍ॅप उघडलं तरच बॅकअप पुढे सरकतो, मिटलं की झोपतो.

चौथी गोष्ट फोल्डर. साधारणपणे फक्त कॅमेऱ्याचं फोल्डर वर जातं. व्हॉट्सअ‍ॅप, स्क्रीनशॉट यांचं बॅकअप वेगळं चालू करावं लागतं. मी मात्र व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं फोल्डर चालू करायला सांगत नाही. त्यात शुभ सकाळचे हजार गुलाब असतात. कामाचे फोटो वेगळ्या अल्बमात हलवा आणि तेवढ्याच फोल्डरचा बॅकअप ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो हेही लक्षात ठेवा. लग्नाचे मूळ फोटो हवे असतील तर काढणाऱ्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, किंवा अल्बमची लिंक मागा.

तपासणी ४: १५ जीबी गेले कुठे?

खरा गुंता इथे आहे. १ जून २०२१ पर्यंत गुगल फोटोजमध्ये ‘हाय क्वालिटी’ ठेवलं की कितीही फोटो फुकट जायचे. त्या दिवसापासून ते बंद झालं. आधी तसे चढवलेले फोटो आजही मोजले जात नाहीत, म्हणून ते पुसून जागा मिळत नाही. लोक नेमके तेच पुसतात, कारण जुने असतात. बाळाच्या बारशाचे फोटो पुसले आणि एक एमबीसुद्धा सुटला नाही, असं माझ्यासमोर घडलंय.

जागा खातं ते वेगळंच. पहिला नंबर व्हिडिओचा. ४के मध्ये, म्हणजे खूप बारीक दर्जात, काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण १७० ते ४०० एमबीचा होतो. शिमग्याला पालखी नाचवतानाचा पाऊण तास मोठ्या रेझोल्यूशनमध्ये घेतलात तर १५ जीबी तिथेच संपू शकतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओचं रेझोल्यूशन १०८० करा. फोनच्या पडद्यावर फरक कळत नाही, जागेत मात्र कळतो.

दुसरा नंबर व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपचा. अँड्रॉइडवर हा बॅकअप पूर्वी गुगलच्या जागेत मोजला जात नव्हता. आता मोजला जातो. ज्यांनी काहीच बदललं नाही त्यांचं खातं अचानक भरलं, त्यामागे बऱ्याचदा हेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपखाली ‘व्हिडिओ समाविष्ट करा’ असतं, ते बंद करा. त्याआधी जड ग्रुपमधला कचरा काढा. नुसतं एवढं करून बऱ्याच खात्यांत काही जीबी सुटलेले मी पाहिलेत.

तिसरं जीमेल. गुगलच्या स्टोरेज व्यवस्थापनाच्या पानावर मोठ्या जोडण्या असलेले मेल, मोठे व्हिडिओ, धूसर फोटो अशी यादी तयार मिळते. तिथून काढायला सुरुवात करा, आणि काढल्यावर ट्रॅशही रिकामा करा. ट्रॅशमधलंही जागा धरून बसतं.

मग फोटोंचा दर्जा बघा. गुगल फोटोजच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलं की १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो १६ वर आणि मोठा व्हिडिओ १०८० वर आणला जातो. घरच्या फोटोंना हे पुष्कळ झालं, १६ मेगापिक्सेलमध्ये भिंतीवर लावायला दोन फुटी प्रिंट छान निघते. आधी मूळ आकारात चढवलेले फोटोही गुगल फोटोजच्या वेबसाइटवर सेटिंग्जमध्ये जाऊन एकदम लहान करता येतात, पण ते परत मोठे होत नाहीत. फोटोग्राफीचा धंदा करणाऱ्यांनी त्या बटणाला हात लावू नये.

तपासणी ५: डिलीट आणि ‘जागा मोकळी करा’ यांतला फरक

एक काकू आल्या. फोन भरला होता. भाच्याने सांगितलं, ‘फोटो वर गेलेत, इथले उडव.’ त्यांनी अ‍ॅप उघडून, एकेक निवडून डिलीट केले. मुलीच्या डोहाळजेवणाचे सगळे फोटो. अडीच महिन्यांनी माझ्याकडे आल्या तेव्हा ट्रॅशही रिकामा झालेला.

चूक भाच्याची नव्हती आणि काकूंचीही नाही. ही अ‍ॅप वरचा मजला आणि तळमजला एकत्र बांधून ठेवतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की तो दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला असेल तर ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, झालेला नसेल तर ३० दिवस. आयक्लाउड चालू असलेल्या आयफोनचंही तसंच, तिथे ‘नुकतेच डिलीट केलेले’मध्ये ३० दिवस मिळतात. फक्त फोनमधली प्रत काढायची असेल तर गुगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ हे वेगळं बटण आहे. ते वर पोहोचलेलेच फोटो फोनमधून काढतं. आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू करा.

ही मुदत उलटली नसेल तर आत्ताच ट्रॅश उघडा आणि परत आणा. हा मजकूर नंतर वाचा.

तपासणी ६: जागा पुरतच नसेल तर दुसरीकडे कुठे?

इथपर्यंत करूनही भरत असेल तरच दुसरी सेवा शोधा. लोक विचारतात ‘किती जीबी फुकट?’ मी तीन वेगळे प्रश्न विचारतो: भरल्यावर ती काय करते? डिलीट केल्यावर काय होतं? आणि उद्या सगळं बाहेर काढायचं तर कसं निघतं?

ड्रॉपबॉक्स २ जीबी देतं, वनड्राइव्ह ५. कागदपत्रांना ठीक, फोटोंना तुटपुंजं. मेगा २० जीबी देतं आणि फोटो कुलूपबंद ठेवतं, पण पासवर्ड आणि ‘रिकव्हरी की’ (खातं परत उघडायची किल्ली) दोन्ही हरवलं तर कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. वहीत लिहिण्याची शिस्त नसेल तर मी ते सुचवत नाही. फ्लिकर हे फोटो दाखवण्याचं ठिकाण आहे, साठवण्याचं नव्हे. पूर्वी तिथे १ टीबी फुकट होतं, २०१९ पासून फुकट खात्याला १००० फोटो-व्हिडिओंची मर्यादा आली, आणि खाजगी तर ५० च ठेवता येतात. घरच्या लग्नाचा अल्बम तिथे टाकलात तर तो जगाला दिसेल याची तयारी ठेवा.

एखादा फोटो लिंक देऊन दाखवायचा असेल, जुन्या वस्तूची जाहिरात वगैरे, तर इमगुर किंवा आयएमजीबीबीसारखी ठिकाणं बरी. पण त्यांच्यावर आठवणी ठेवू नका. इमगुरने २०२३ मध्ये खात्याशी न जोडलेले जुने, कोणी बघत नसलेले फोटो काढून टाकायला घेतले. फोटोबकेटने २०१७ मध्ये दुसऱ्या साइटवर फोटो दाखवण्याला अचानक मोठे पैसे लावले आणि इंटरनेटभर लोकांच्या फोटोंच्या जागी कंपनीची पाटी दिसू लागली. ऑर्कुट ही फेसबुकसारखी साइट ३० सप्टेंबर २०१४ ला मिटली, फोटोंचं पिकासा २०१६ ला. आमच्या पिढीचे कॉलेजचे फोटो कुठे होते ते आठवून बघा.

टेलिग्राममध्ये स्वतःलाच फोटो पाठवून ठेवणारे पुष्कळ आहेत. नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो, फाइल म्हणून पाठवावा लागतो. आणि ठराविक महिने खातं वापरलं नाही तर ते आपोआप पुसलं जातं. रिचार्जबरोबर मिळणारी क्लाउडची जागा घ्यायला हरकत नाही, पण नंबर पोर्ट केल्यावर किंवा रिचार्ज थांबवल्यावर तिचं काय होतं, ते अटींमध्ये वाचल्याशिवाय एकुलती एक प्रत तिथे ठेवू नका.

माझं मत विचाराल तर मुख्य फोटो तुमच्या फोनबरोबर आलेल्याच सेवेत ठेवा. फुकटात बसत नसेल तर १०० जीबीचे महिन्याला सव्वाशे-दीडशे रुपये द्या. गुगलची ही जागा कुटुंबातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येते. खातं भरलेलं तसंच दोन वर्षं ठेवलं तर गुगल त्यातलं सामान काढून टाकू शकतं, तेव्हा नंतर बघू म्हणून सोडू नका.

तपासणी ७: एक प्रत घरी उतरवा

हे सगळ्यात वेळखाऊ, म्हणून शेवटी. गुगलच्या ‘टेकआउट’मधून सगळे फोटो झिप करून मागवता येतात. तयार व्हायला काही तास, कधी दिवसही लागतात, आणि लिंक साधारण आठवडाभरच चालते. कॉम्प्युटर आणि चांगलं नेट लागतं. ते नसेल तर ओटीजी (थेट फोनला लागणारा) पेनड्राइव्ह लावून फोनमधूनच कॉपी करा. ड्राइव्ह ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट केलेला असू दे, कारण ‘फॅट३२’वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. पाचशे रुपयांत २ टीबी म्हणून मिळणारा पेनड्राइव्ह घेऊ नका. तो आकडा खोटा असतो. भरत जातो तसे आधीचे फोटो खराब होतात आणि ते तुम्हाला वर्षाने कळतं. कॉपी झाल्यावर मधलेच कुठलेही दहा फोटो उघडून बघा, मगच पुढचं काही पुसा.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

फोन पाण्यात पडलाय किंवा मेलाय आणि फोटोंची दुसरी प्रत नाही: चार्जिंगला लावू नका, तांदळात ठेवू नका, सुरू होतोय का बघत बसू नका. बंद ठेवून त्याच दिवशी नेऊन द्या. आजकालच्या फोनमधला डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डवरच्या प्रोसेसरमध्ये असते. म्हणून मेमरीची चिप काढून दुसरीकडे वाचता येत नाही, तोच बोर्ड जिवंत करावा लागतो. ते चिप लेव्हलचं काम आहे. मी स्वतः ते करत नाही, पुण्या-मुंबईला पाठवतो. दुकानदाराला आधी सांगा की फोन नको, फोटो हवेत. नाहीतर तो बोर्ड बदलून फोन चालू करून देईल.

फॅक्टरी रीसेट झालाय आणि बॅकअप नाही: कोणालाही पैसे देऊ नका. त्या कुलपाची किल्लीच पुसली गेलेली असते. ‘रिकव्हरी’ची अ‍ॅप दाखवतात त्या बहुधा कुठल्यातरी कार्डावर उरलेल्या छोट्या छब्या असतात.

हार्ड डिस्क टकटक वाजते: लगेच बंद करा. प्रत्येक वेळी चालू करताना ती आणखी खराब होते. डेटा रिकव्हरीची लॅब गाठा आणि आधी अंदाजपत्रक मागा.

खातं उघडत नाही: हे कुठल्याच दुकानात होत नाही, माझ्याही नाही. कंपनीच्या रिकव्हरी पानावरूनच करा, आणि तेही ज्या फोनवर व ज्या वाय-फायवर खातं पूर्वी चालायचं तिथूनच, कारण ओळख पटवायला तेही बघितलं जातं. नेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरवरचा माणूस ओटीपी मागतो किंवा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतो, तेव्हा फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर कळवा.

बाकी काही अडलं तर फोन चार्ज करून, ती वही आणि तासभर वेळ घेऊन जवळच्या ओळखीच्या दुकानात जा. संध्याकाळी सात नंतर नको, तेव्हा आमच्याकडे सगळे स्क्रीनगार्ड लावायला येतात.